जलनेती : मराठवाड्यातील घरगुती वापर

कोमट खारट पाणी एका नाकपुडीत सोडून दुसरीतून बाहेर काढण्याच्या क्रियेला जलनेती म्हणतात. जुनाट सर्दी, अ‍ॅलर्जीच्या शिंका आणि सायनसचा त्रास यांवर पूरक उपाय म्हणून ती घरच्या घरी केली जाते. मराठवाड्यात लोक ती योगवर्गात, निसर्गोपचार शिबिरात किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या सांगण्यावरून शिकतात. क्रिया तशी सोपी आहे. अवघड आहे ते तिला लागणारे पाणी.

हठयोगात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी षट्कर्मे सांगितली आहेत. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिका’ ग्रंथात वर्णन आहे ते सूत्रनेतीचे : स्निग्ध केलेला वीतभर दोरा नाकातून घालून तोंडावाटे काढायचा. जलनेती त्यामानाने सौम्य. सूत्रनेती जाणत्या शिक्षकाशिवाय करू नये. आयुर्वेदातले नस्य ही वेगळी गोष्ट आहे; त्यात औषधी तेल किंवा तुपाचे थेंब नाकात सोडतात, नाक धुतले जात नाही.

नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट स्रावाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि परागकण त्यात अडकतात आणि अस्तरावरचे सूक्ष्म रोम तो थर हळूहळू घशाकडे ढकलत राहतात. अ‍ॅलर्जीत अस्तर सुजते, नाक वाहते. स्राव घट्ट झाला की रोमांचे काम मंदावते आणि सायनसची अरुंद तोंडे बुजतात. गाल, कपाळ, दोन डोळ्यांच्या मधला भाग आणि त्यामागे कवटीत खोलवर अशा सायनसच्या चार जोड्या असतात. त्यांचा निचरा थांबला की डोके जड होते, वाकले की गालात ठणकते. जलनेतीचे पाणी सायनसच्या आत फारसे शिरत नाही. ते नाकाची पोकळी धुते, घट्ट स्राव सैल करते आणि सायनसची तोंडे मोकळी व्हायला मदत करते. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा डॉक्टरांनी दिला असेल तर तो नाक धुतल्यावर मारावा. स्रावाच्या थरावर मारलेले औषध अस्तरापर्यंत नीट पोचत नाही. वाफाऱ्याने नाक घटकाभर सुटते, पण अडकलेली धूळ वाफेने धुऊन निघत नाही.

अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर मिठाच्या पाण्याने नाक धुण्याबाबतच्या प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये आढावा घेतला. रुग्णांना तीन महिन्यांपर्यंत आराम पडू शकतो, मात्र पुरावा फारसा भक्कम नाही, असे त्यात दिसले. तेव्हा ‘नेतीने अ‍ॅलर्जी मुळासकट जाते’ हे शिबिरातले वाक्य कानाआड केलेले बरे. नेती थांबवली आणि धूळ तीच राहिली, तर शिंकाही परत येतात.

आणि मराठवाड्यात धुळीला तोटा नाही. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत माजते. गेल्या शतकाच्या मध्यावर पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आता आठही जिल्ह्यांत आहे. त्याच्या परागकणांनी नाकाची अ‍ॅलर्जी होते आणि ते उपटताना हाताला लागून कातडीही खाजते. पाठोपाठ सोयाबीनची काढणी येते. मळणीयंत्रातून उडणारे भुसकट यंत्रावर राबणाऱ्याच्या नाकातोंडात जातेच, शेजारच्या आखाड्यावरही, म्हणजे शेतातल्या वस्तीवरही, जाते. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाची तूस उडू लागते, पुढे ज्वारी-हरभऱ्याची रास म्हणजे मळणी होते, हिंगोली-वसमतकडे हळद शिजवून वाळली की ढोलात घालून पॉलिश करतात, आणि मग उन्हाळ्यातल्या वावटळी सुरू होतात. रास करून आल्यावर संध्याकाळी नाक धुतले तर पहिले पाणी मातकट येते आणि काळपट गुठळ्या पडतात. नाकातोंडाला नुसता रुमाल बांधून रास केलेल्या माणसाला नेतीचा उपयोग पटवून द्यावा लागत नाही. चांगला मास्क लावून अर्धी धूळ बाहेरच अडवणे मात्र नेतीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

आता पाण्याविषयी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे; पण पाणी साठवून वापरण्याची सवय सगळ्याच जिल्ह्यांची. नळाला पाणी काही दिवसांआड येते, मधल्या काळात टँकर किंवा बोअर. ते हौदात, पिंपात, गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठते आणि मे महिन्यात भर दुपारी टाकीची तोटी सोडली की हात पोळतो. अशा उबदार गोड्या पाण्यात ‘नेग्लेरिया फाउलेरी’ नावाचा अमीबा वाढू शकतो. असे पाणी पोटात गेले तर या अमीबाने आजार होत नाही. नाकात वर चढले, तर मात्र अमीबा गंधाच्या मज्जातंतूच्या वाटेने मेंदूत शिरतो आणि होणारा मेंदूज्वर बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन जण दगावले. दोघांनीही नेतीच्या भांड्यात नळाचे पाणी वापरले होते. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले.

म्हणून पिण्यालायक पाणी नाकात घालण्यालायक असतेच असे नाही. गल्लोगल्ली मिळणारे थंड पाण्याचे जार, घरातल्या आरओचे पाणी, तुरटी फिरवलेले किंवा फडक्याने गाळलेले पाणी यांपैकी कशालाही निर्जंतुक धरू नये. पाणी पातेल्यात खळखळून उकळावे, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसेच ठेवावे आणि झाकण घालून कोमट होऊ द्यावे. घाईच्या वेळी त्यात गार पाणी ओतून ते कोमट करण्याची चूक सर्रास होते. तेवढ्याने उकळण्याची सगळी मेहनत वाया जाते. उकळलेले पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवून चोवीस तासांत संपवावे. बोअरचे मचूळ पाणी उकळल्यावर पातेल्याला पांढरा थर धरतो, आणि त्यात आधीच क्षार असल्याने मिठाचे मापही थोडे चुकते. तिथे आरओचे पाणी घेऊन तेच उकळावे. उकळण्याचा खटाटोप नको असेल तर मेडिकलमधली नॉर्मल सलाईनची बाटली वापरता येते.

मीठ अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा पाऊण भरून. हे ०.९ टक्के द्रावण झाले. जिभेला ते डोळ्यातल्या पाण्याइतके खारट लागते. साधे गोडे पाणी नाकात गेले की कपाळापर्यंत झिणझिण्या येतात ते मीठ नसल्यामुळे. मीठ जास्त झाले तरी चुरचुरते. रोजच्या आयोडीनच्या मिठाने कोणाकोणाला जळजळ होते, त्यांनी आयोडीन नसलेले बारीक शुद्ध मीठ वापरावे. खडे मिठात माती असते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर पाणी नाकाला सौम्य लागते. मीठ पूर्ण विरघळले पाहिजे, तळाशी राहिलेला खडा शेवटच्या धारेबरोबर नाकात जातो.

लोटा लांब तोटीचा, साधारण पावशेर पाणी मावेल असा असतो. मोरीपाशी किंवा बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती करायची, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीला तोटी लावायची. धार आपोआप खालच्या नाकपुडीतून पडू लागते. पाणी घशात उतरले तर मान जास्त मागे गेली आहे असे समजावे. मग बाजू बदलायची. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकर मारायची. एक दाबून जोरात शिंकरले तर स्राव कानाच्या नळीत सरकून कान दुखू शकतो. सगळे पाणी लगेच निघत नाही. अर्ध्या तासाने चप्पल घालायला वाकावे आणि नाकातून टपकन धार लागावी, हा अनुभव जवळजवळ सर्वांचा. म्हणून झोपायच्या तोंडावर नेती करू नये. लोटा उकळलेल्या पाण्याने धुऊन पालथा घालून पूर्ण वाळवावा. ओला लोटा कपाटात कोंबला की तोटीत बुरशी धरते.

नाक पूर्ण चोंदलेले असेल तर जोर लावून पाणी घालू नये. घोणा फुटून नाकातून रक्त येत असताना, कान फुटलेला किंवा ठणकत असताना आणि नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नेती करू नये. लहान मुलांच्या बाबतीतही आधी डॉक्टरांना विचारावे. दहा दिवसांपुढे टिकलेली किंवा बरी होता होता उलटलेली सर्दी दाखवायला हवी. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, तापासह असह्य डोकेदुखी, मान आखडणे, किंवा मधुमेह असलेल्याच्या नाकातून काळपट स्राव येणे ही लक्षणे घरी लोटा घेऊन बसण्याची नाहीत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.