भोपाळची "कुणालाच कल्पना नव्हती" ही गोष्ट खरी नाहीये

दर डिसेंबरला हाच फॉरवर्ड येतो की २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला गॅस "अचानक" सुटला, आधी कुणालाच कल्पना नव्हती. अहो होती की! डिसेंबर १९८१ मध्येच त्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकाच्या प्लँटमध्ये फॉसजीन हा विषारी वायू गळून एक कामगार गेला होता, आणि मग राजकुमार केसवानी नावाचा तिथलाच एक पत्रकार मागे लागला, कामगारांशी बोलला, कागद मिळवले, आणि १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात शहर धोक्यात आहे असं सरळ छापलं, एकदा नाही, परत परत. जून १९८४ ला 'जनसत्ता' या हिंदी दैनिकातही लिहिलं. कुणी ढुंकून बघितलं नाही. कंपनीच्याच अमेरिकन टीमने मे १९८२ मध्ये तपासणी करून त्रुटी लिहून दिलेल्या, हे तर अजून भारी.

आणि त्या रात्री? एमआयसी, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट हे कीटकनाशकासाठी लागणारं विषारी रसायन, थंड ठेवायची यंत्रणा कित्येक महिने बंद, गळालेला गॅस जाळणारा फ्लेअर टॉवरही बंद, एमआयसीच्या टाकी नंबर ६१० मध्ये पाणी शिरलं आणि साधारण ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर. पाणी शिरलं कसं यावर वाद आहे, कंपनी घातपात म्हणते, ठीक आहे, पण बंद यंत्रणा काय घातपाताने बंद होत्या का?