डीनच्या हातात झाडू, चाव्या मंत्रालयात

ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी आली. त्यांत 12 नवजात बाळं होती. पाठोपाठ तिथे पोहोचलेल्या एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या, हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. संताप समजण्यासारखा होता, पण पत्ता चुकला.

डीनच्या हातात असतं तरी काय? मंजूर पदं आणि बदल्या सरकार ठरवतं. औषधखरेदी 2017 पासून हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.

उपचारांचा दर्जा कसा मोजावा, याची मांडणी अवेदिस डोनाबेडियन या डॉक्टर-संशोधकाने 1966 मध्ये केली: रचना (माणसं, साधनं, इमारत), प्रक्रिया (उपचार कसे होतात), निष्पत्ती (रुग्णाचं पुढे काय झालं). आपण मृत्यू मोजतो, फार तर डॉक्टर वेळेवर आले का ते पाहतो. रचनेकडे कुणी बघत नाही, कारण ती फायलींमध्ये असते.

प्रसूती कक्षातला हात धुण्याचा नळ गळतोय असं समजा. इन्चार्ज सिस्टर वहीत नोंद करतात, मेट्रनना, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, सांगतात, पत्र वर जातं, तिथून बांधकाम विभागाकडे. अंदाजपत्रक, मंजुरी, ठेकेदार. तोवर नळाला कापड बांधलेलं. जंतुसंसर्ग वाढला की नोटीस मात्र सिस्टरना! ज्याला त्रुटी दिसते त्याला अधिकार नाही, आणि अधिकार असलेल्याला ती दिसत नाही.

त्यात एकाच जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. अडलेली बाळंतीण या तिन्ही दारांतून पुढे ढकलली जाते. तिचा सगळा प्रवास ज्याच्या कामगिरीत मोजला जाईल, असा अधिकारी शोधूनही सापडणं कठीण.

केंद्राची राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं 2013 पासून आहेत. संसर्ग नियंत्रणापासून रुग्णहक्कांपर्यंत आठ बाबी तपासतात, प्रमाणपत्रासाठी एकूण किमान 70 टक्के गुण लागतात. रुग्णालयाला गुणवत्ता समिती नेमावी लागते, आणि तिच्या बैठकीत नळाची तक्रार निदान इतिवृत्तात येते. पण समितीला खर्चाचा अधिकार नसेल, तर ते इतिवृत्त म्हणजे आणखी एक फाईल. म्हणून मला प्रमाणपत्रापेक्षा त्यासोबत येणारी रक्कम महत्त्वाची वाटते: जिल्हा रुग्णालयाला दर खाटेमागे वर्षाला 10,000 रुपये. त्यातला मोठा हिस्सा त्रुटी दूर करण्यासाठी रुग्णालयालाच वापरता येतो.