‘आरडी’ रंगाला किंवा इंजिनकामाला देण्याआधी

आपल्याकडे यामाहाची ‘आरडी’ म्हणून फिरणारी मोटरसायकल बहुतेक वेळा राजदूत ३५० असते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने ती १९८३ पासून बनवली. मूळ जपानी आरडी ३५० आली १९७३ मध्ये, आणि तिच्याही आधी, १९७० मध्ये, यामाहाचीच आर५. तिन्हींचं इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. त्यामुळे लांबून पाहणारा हमखास फसतो.

टाकीवरचं नाव, पट्टे आणि रंग यांवर अजिबात जाऊ नका. ते दोन दिवसांत बदलता येतात. आधी पुढचं चाक बघा. जपानी आरडीला साधारणपणे डिस्क ब्रेक असतो, राजदूतला ७ इंची ड्रम. पण ड्रम आर५लाही होता, आणि हौशी मालकांनी राजदूतला मागाहून डिस्क बसवल्याचीही उदाहरणं भरपूर आहेत. म्हणून पुढे गिअर मोजा. आर५ला पाच, आरडी आणि राजदूतला सहा. मग बोअर (म्हणजे सिलिंडर) आणि कार्ब्युरेटर यांच्या मधे हात घाला. आरडी आणि राजदूतमध्ये तिथे रीड व्हॉल्व असतो, म्हणजे मिश्रण फक्त आत जाऊ देणारी पातळ पात्यांची झडप. आर५मध्ये तो नाही, तिथे पिस्टनच मिश्रण आत येण्याची वाट उघडतो आणि बंद करतो.

चौकोनी टाकी, मॅगव्हील (तारांऐवजी ओतीव चाकं) आणि मागेही डिस्क दिसली, तर ती बहुधा १९७६ पासूनची आरडी ४०० असते. ती ओळखायला सोपी आहे.

राजदूतमध्येच एचटी (हाय टॉर्क) आणि एलटी (लो टॉर्क) हा खरा नाजूक प्रश्न. पहिल्या एचटीची ताकद ३०.५ बीएचपी, नंतरच्या एलटीची २७. पेट्रोल वाचावं म्हणून एलटीचे एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायची भोकं, अरुंद केली होती. हे बाहेरून कळत नाही, सायलेन्सर उतरवून पोर्ट बघावे लागतात. बोअर बदललेले किंवा पोर्ट घासून मोठे केलेलेही असतात, म्हणून नुसत्या पोर्टवरून गाडीचं साल ठरवू नये.

शेवटचा शब्द चासी नंबरचा. अमेरिकेत विकलेल्या जपानी आरडी ३५०चा नंबर ३५१ ने सुरू होतो, आर५चा ‘आर५’ या अक्षरांनी. तो आरसी बुकशी जुळवून पाहा. नंबर घासलेला किंवा रंगाच्या थरात बुजलेला असेल, तर सौदा करण्याआधी थांबा.

आमच्या गॅरेजमध्ये राजदूतची जपानी आरडी करून मिळत नाही. राजदूत ही स्वतःच्या हक्काने उभी राहणारी सुंदर गाडी आहे, आणि तिचा मूळचा ड्रम चांगला सेट केला की नीट काम करतो. तो काढून टाकण्याचा सल्ला आम्ही देत नाही.

गाडी आणताना आरसी बुकची प्रत आणि बदललेले जुने भाग सोबत आणा. मोडका कार्ब्युरेटर, फुटलेलं मीटर, गंजलेला सायलेन्सर, काहीही भंगारात देऊ नका. मूळ भाग दुरुस्त होण्यासारखा असेल, तर आम्ही तोच परत बसवतो.