कवळीपासून गळक्या पाइपापर्यंत

गळका पाइप बुजवला की आपण सहज म्हणतो, "पुट्टी वाळली." खरं तर इपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग एकत्र मळून वापरायची पुट्टी, वाळत नाही. तिच्यातून पाणी किंवा द्रावक उडून जात नाही, म्हणूनच ती जवळपास आकसतही नाही. तिचा जन्मच या गुणापायी झाला.

त्याआधी भेगा भरायला होती लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेत बाहेरून आत घट्ट होतं, त्यामुळे जाड थर आतून कितीतरी दिवस मऊच राहतो. खिडकीच्या काचेला ती छान, तुटलेल्या मूर्तीच्या हाताला निरुपयोगी.

१९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये रसायनज्ञ पिएर कास्ताँ कवळीसाठी पदार्थ शोधत होते. साच्यात आकसणाऱ्या पदार्थाची कवळी हिरडीवर बसणार कशी? बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या रसायनांपासून त्यांनी इपॉक्सी राळ बनवली आणि ती थॅलिक अनहायड्राइड या तिसऱ्या रसायनाने कडक केली. दंतवैद्यकात तिचा जम बसला नाही. पण बाझेलच्या सिबा कंपनीने हक्क घेतले आणि त्यातून 'अॅराल्डाइट' हा गोंद आला. अमेरिकेत रसायनज्ञ सिल्व्हन ग्रीनली रंगलेपांच्या वाटेने त्याच राळेपाशी पोचले होते.

कास्ताँची राळ कडक व्हायला उष्णता लागे. घरी भट्टी कुठून आणायची? ही अडचण अमाइनांनी, म्हणजे नायट्रोजन असलेल्या एका प्रकारच्या रसायनांनी, सोडवली. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३४ मध्येच त्यांच्यावर पेटंट मागितलं होतं. राळेच्या रेणूत तीन अणूंची ताणलेली कडी असते. अमाइन ती साध्या तापमानालाही उघडतं आणि रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. राळ आणि अमाइन या दोन्ही भागांत शंखजिऱ्यासारखी बारीक पूड घातली की हाताने मळायची पुट्टी तयार. हवेशी देणंघेणं नसल्यामुळे अनेक पुट्ट्या पाण्याखालीही धरतात.

मूर्तिकामवाल्यांना ती आवडली ती मळल्यानंतरच्या तासाभरासाठी. निळी-पिवळी पट्टी घ्या. दोन रंग चिकटून असतात त्या रेघेवर पुट्टी पाकिटातच कडक व्हायला लागते, म्हणून तेवढी चिंधी आधी कापून टाकायची, नाहीतर मळलेल्या गोळ्यात खडे लागतात. मग हातमोजे घालून मळायचं, कारण न मुरलेली राळ त्वचेला बाधते. गोळा एकसारखा हिरवा व्हायलाच हवा. एखादी पिवळी शीर राहिली, तर मूर्तीचं बोट दुसऱ्या दिवशीही तिथे चिकटच लागतं.