मोत माउलीची यात्रा (सोलापूरहून)

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर असलेल्या मरियामातेच्या, म्हणजेच मोत माउलीच्या, दर्शनासाठी सोलापूरहून केला जाणारा प्रवास. सोलापूरचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात मोडतात. सोयीची गाडी सिद्धेश्वर एक्स्प्रेस: रात्री बसायचे, सकाळी दादरला उतरून लोकलने वांद्रे गाठायचे. ग्रामदैवताच्या नावाची गाडी मरियेच्या पायथ्याशी नेते. ‘माउली’ हा शब्दही सोलापूरकराला परका नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. ‘मोत’ म्हणजे मोती, असा अर्थ कोळी लावतात. पोर्तुगीज ‘मोंते’ म्हणजे डोंगर, त्यावरून हे नाव पडले असावे, ही व्युत्पत्ती अधिक पटते.

मूर्ती जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात पोर्तुगालहून आणली. 1700 साली अरबी चाच्यांनी हातातल्या सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. मधमाश्यांनी त्यांना पिटाळले, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका कोळ्यांची: एकाला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि समुद्रात मूर्ती सापडली. पुढे बाल येशूची मूर्ती अशी बसवली गेली की तुटलेला हात झाकला जावा. या यात्रेत सर्वांत हृद्य काय असेल, तर हेच. घाव झाकला तो बाळाने, आणि जखमी आईपुढे आपले दुखणे सांगायला माणसाला संकोच वाटत नाही.

नवस मेणाचा असतो. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवे असेल तर मेणाचे बाळ, घरासाठी घर. टेकडीखालच्या दुकानांत हे सारे मिळते. मात्र चर्चच्या शिकवणुकीनुसार ही मूर्तिपूजा नव्हे. मूर्तीला दिलेला मान मूर्तीत दाखवलेल्या व्यक्तीपर्यंत पोचतो, असे चर्चच्या धर्माचार्यांच्या निकेया येथील दुसऱ्या परिषदेने 787 मध्ये ठरवले. मरियेची आराधना होत नाही. तिच्याकडे मध्यस्थीची विनंती केली जाते. प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागतो.

मरियेचा जन्मदिन 8 सप्टेंबर. त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. तिला हिंदू, मुस्लिम, पारशीही येतात. सध्याची वास्तू 1904 ची असून 1954 मध्ये तिला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने दिलेल्या विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला. जत्रेत रांग फार लांबते. त्यामुळे वयस्करांना घेऊन येणाऱ्यांनी जत्रा उलटल्यावर, आठवड्यातल्या एखाद्या साध्या दिवशी सकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पोचावे. तेव्हा मूर्तीसमोर थोडा वेळ उभे राहता येते.