सपाट तळपाय (बालवयातील)

उभे राहिल्यावर पावलाच्या आतल्या बाजूची कमान न दिसता सगळा तळवा जमिनीला टेकतो, त्या ठेवणीला सपाट तळपाय किंवा बोलीभाषेत ‘फ्लॅट फूट’ म्हणतात. तान्ह्या बाळांचे तळवे जवळजवळ सगळेच असे असतात, कारण तळव्यात चरबीची गादी असते आणि सांध्यांचे अस्थिबंध (हाडांना हाडे बांधून ठेवणारे पट्टे) सैल असतात. पुढे साधारण दहाव्या वर्षापर्यंत कमान आपोआप घडत जाते. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या, पाय न दुखणाऱ्या मुलावर उपचार सुरू करणे बहुधा घाईचेच ठरते.

पुण्यातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशीवर उमटलेला ओला पाय पाहून आजीच निदान करते. ठसा खोटा नसतो, पण पाऊल लवचिक आहे की ताठर हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मुलाला चवड्यांवर उभे करावे. कमान उमटली आणि टाच आत वळली, तर पाऊल लवचिक. तसे झाले नाही, पाय दुखत असला किंवा एकच पाय सपाट असला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पावलातली हाडे जन्मतः एकमेकांना जोडलेली असण्याची शक्यता असते.

व्यायामांत चवड्यांवर व टाचांवर चालणे, पायाच्या बोटांनी रुमाल किंवा गोट्या उचलणे, बोटे न मुडपता तळव्याची कमान उचलून धरणे हे प्रकार येतात. पोटरी आखडलेली असेल तर तिला ताण देण्याचा व्यायाम सर्वांत महत्त्वाचा. मुले हे सारे खेळ म्हणूनच करतात. तक्ता भिंतीवर लावला की कंटाळतात.

बुटात घालायच्या इन्सोलबद्दल गैरसमज फार. अमेरिकेतील, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ ते ६ वर्षांच्या मुलांना ३ वर्षे खास बूट व इन्सोल दिले. कमान सुधारली, पण काहीच न वापरणाऱ्यांचीही तितकीच. चष्मा लावून डोळ्याचा नंबर जात नाही, तसेच हे. दुखणे व थकवा मात्र इन्सोलने कमी होऊ शकतो. पाऊल वाढते तसा तो बदलावा लागतो, हा खर्च आधीच धरावा. पुण्यात वानवडीच्या लष्करी कृत्रिम अवयव केंद्रात (स्थापना १९४४) नागरिकांनाही सेवा मिळते.

बुटांचा प्रश्न वेगळाच आहे. दक्षिण भारतातील २,३०० मुलांच्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. बालवाडीपासून काळ्या बुटांचा आग्रह धरणाऱ्या शाळांनी याची दखल घ्यायला हरकत नाही. निदान घरी आल्यावर तरी मुलांना अनवाणी हुंदडू द्यावे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) स्वप्ने पाहणाऱ्या पालकांना सैन्यभरतीची धास्ती असते. तिथेही चवड्यांवर उभे राहताच कमान उमटणारे, लवचिक, न दुखणारे आणि धावण्या-उड्या मारण्यात न अडणारे पाऊल चालते.