कायाकल्प पुरस्कार: रुग्णालयातल्या मामा-मावशींपर्यंत कौतुक आणि बक्षीस पोहोचावं म्हणून काय करायचं?

वॉर्ड पुसणाऱ्या मावशी, स्ट्रेचर नेणारे मामा, रक्ताने माखलेल्या चादरी धुणारे, पिवळ्या-लाल पिशव्यांतला कचरा उचलणारे कामगार. यांच्या रोजच्या कामावर एक मोठा सरकारी पुरस्कार मिळतो, त्याचं नाव कायाकल्प. त्यासाठी नाव जातं ते संस्थेचं, व्यक्तीचं नाही. त्यामुळे ट्रॉफी अधीक्षकांच्या दालनात पोहोचते आणि ज्यांच्या हातांनी गुण मिळाले त्यांचं नाव कुठेच येत नाही, असं घडू शकतं. पण योजनेच्या निकषांतच सहकाऱ्यांच्या कौतुकाला जागा आहे आणि बक्षिसाच्या रकमेत कर्मचाऱ्यांचा वाटाही आहे. तो मिळवायचा तर तयारी वर्षाच्या सुरुवातीपासून करावी लागते.

योजना थोडक्यात

स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ मे २०१५ रोजी सरकारी आरोग्य संस्थांसाठी कायाकल्प आणली. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे तिचे मुख्य गट.

कोण पात्र?

मूळ मार्गदर्शक सूचनांत तीन अटी आहेत. संस्थेत स्वच्छता व संसर्ग नियंत्रण समिती स्थापन झालेली हवी. ठरावीक काळाने अंतर्गत (संस्थेने स्वतः केलेलं) आणि समकक्ष (शेजारच्या सरकारी संस्थेच्या पथकाने केलेलं) मूल्यमापन करण्याची पद्धत सुरू असायला हवी. आणि समकक्ष मूल्यमापनात किमान ७० टक्के गुण हवेत.

समिती कागदावर बनवणं सोपं असतं. तिच्यात वैद्यकीय अधिकारी, अधिसेविका, औषधनिर्माता असतातच. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की तिच्यात सफाई कामगारांचा आणि कक्षसेवकांचा एकेक प्रतिनिधी घ्यावा. कोणत्या मजल्यावरचा नळ गळतो आणि कोणत्या वॉर्डात मॉप वेळेवर बदलून मिळत नाही, हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

मूल्यमापनाचे तीन टप्पे

पहिल्या टप्प्यात संस्था स्वतःची तपासणी करते. दुसऱ्यात शेजारच्या सरकारी संस्थेतलं पथक येतं. हेच समकक्ष मूल्यमापन. तिसऱ्यात राज्याने नेमलेलं बाहेरचं पथक येतं आणि त्याच्या गुणांवर पुरस्कार ठरतो.

जिल्हा रुग्णालयाची मूळ तपासणी सूची ५०० गुणांची आहे. परिसराची निगा, स्वच्छता, कचरा व्यवस्थापन आणि संसर्ग नियंत्रण यांना प्रत्येकी १००. साहाय्यभूत सेवा आणि स्वच्छतेचा प्रसार यांना प्रत्येकी ५०. पुढे रुग्णालयाच्या आवाराबाहेरच्या परिसरासारखे विषयही जोडले गेले. प्रत्येक मुद्द्याला पूर्ण पालन असेल तर २, अर्धवट असेल तर १ आणि नसेल तर ० गुण.

साहाय्यभूत सेवांत धुलाई व कपड्यांचं व्यवस्थापन, पाणी, स्वयंपाकघर, सुरक्षा आणि बाहेरून कंत्राटाने घेतलेल्या सेवा येतात. म्हणजे धोबी, आचारी, सुरक्षा रक्षक आणि ठेकेदाराची माणसं या सगळ्यांच्या कामाला इथे थेट गुण आहेत.

तपासणी चार प्रकारे होते: पाहून, कर्मचाऱ्यांशी बोलून, रुग्णांशी बोलून आणि नोंदवह्या तपासून. कर्मचाऱ्यांशी बोलण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा. पथक डॉक्टरांना बाजूला ठेवून मावशींना थेट विचारतं: रक्त सांडलं तर काय करता? सुई टोचली तर कुणाला सांगता? वापरलेली सुई कोणत्या डब्यात जाते, सलाईनची नळी कोणत्या पिशवीत? हायपोक्लोराइटचं (जंतुनाशकाचं) द्रावण कसं बनवता? मावशी हे काम रोज बरोबर करत असतात, पण कोट घातलेल्या अनोळखी माणसासमोर गप्प होतात. त्यांना उत्तरं पाठ करायला लावू नका. दर आठवड्याला एका वॉर्डातल्या मावशींनी दुसऱ्या वॉर्डातल्या मावशींना आपलं काम करून दाखवावं. बोलायची सवय होते आणि एकमेकींचं काम बघायलाही मिळतं.

कागदपत्रं

स्वच्छता समितीच्या स्थापनेचा आदेश आणि बैठकांची इतिवृत्तं, अंतर्गत व समकक्ष मूल्यमापनाच्या भरलेल्या सूच्या आणि त्यातल्या त्रुटींवर काय केलं याची नोंद, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याबाबतची (सुया, रक्ताने माखलेले बोळे अशा उपचारांतून निघणाऱ्या कचऱ्याबाबतची) परवानगी, अनेक रुग्णालयांचा कचरा नेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्राशी झालेला करार, रोजच्या कचऱ्याची वजननोंद, स्वच्छतेची दैनंदिन तपासणी पत्रकं, धुलाईची नोंदवही, कंत्राटी सेवांचे करारनामे. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ मध्ये आले. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत मंडळाकडे द्यायचा, हे त्यात आहे. याच्या पोचपावत्या हाताशी ठेवा.

आणखी एक फाइल तितक्याच काळजीने ठेवायला हवी, ती कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची. याच २०१६ च्या नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी प्रशिक्षण देणं, तसंच कामावर घेताना आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणं बंधनकारक आहे. ठेकेदाराकडच्या माणसांनाही हे लागू आहे. लसीकरणाच्या यादीत प्रत्येकाचं पूर्ण नाव, मात्रांच्या तारखा आणि सही किंवा अंगठा असावा. 'सफाई कर्मचारी – १२' अशी मोघम नोंद चालवून घेऊ नका. पुढे बक्षिसाच्या वाटपाची वेळ येते तेव्हा याच याद्या कोण किती काळ कामावर होतं याचा पुरावा ठरतात.

सहकाऱ्यांचं कौतुक: निकषातली जागा

स्वच्छतेच्या प्रसाराच्या विभागात नेतृत्व आणि संघकार्य असा एक निकष आहे. चांगलं काम करणारे कर्मचारी आणि विभाग शोधण्याची पद्धत संस्थेकडे आहे का, हे त्यात तपासलं जातं. ही पद्धत नेमकी कशी असावी याचा साचा ठरवून दिलेला नाही, तो संस्थेने ठरवायचा. २६ जानेवारीला अधीक्षकांनी एक नाव वाचून दाखवणं ही कमकुवत पद्धत आहे. सोबत काम करणाऱ्यांनी एकमेकांची नावं सुचवणं जास्त खरं आणि जास्त टिकणारं. ते असं करता येईल.

अंतर्गत मूल्यमापनाला जोडून दर तीन महिन्यांनी शिफारशी मागवा. शिफारस कुणीही कुणाचीही करावी: परिसेविकेने मामांची, मावशींनी सुरक्षा रक्षकाची, धोब्याने आचाऱ्याची. फक्त स्वतःची नाही. अर्ज एका पानाचा पुरे: ज्यांची शिफारस आहे त्यांचं नाव, विभाग, पाळी, कायम की कंत्राटी, आणि नेमकं काय केलं. या शेवटच्या रकान्यावर सगळा भर द्या. 'खूप मेहनती आहेत' याने निवड समितीला काही कळत नाही. 'रात्रपाळीत प्रसूती कक्षाबाहेर रक्त सांडलं, तेव्हा यांनी आधी येणं-जाणं अडवलं, हातमोजे घातले, द्रावण टाकून ठरलेला वेळ थांबल्या आणि मगच पुसलं' असं लिहिलं की काम डोळ्यांसमोर उभं राहतं. शिवाय सांडलेलं रक्त साफ करण्याची पद्धत खरोखर पाळली जाते याचा लेखी दाखलाही तयार होतो.

ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांची शिफारस तोंडी घ्यावी. वॉर्डातल्या सिस्टरने ती त्यांच्याच शब्दांत उतरवून वाचून दाखवावी. रात्रपाळीच्या लोकांसाठी शिफारशींची पेटी अपघात विभागाजवळ ठेवा, कार्यालय रात्री बंद असतं. निवड स्वच्छता समितीने करावी, पण ज्या विभागातलं नाव आहे त्या विभागाच्या सदस्याने त्या नावापुरतं मत देऊ नये. शवागार आणि कचरा साठवण खोली इथल्या माणसांची नावं सहसा कुणी सुचवत नाही, म्हणून समितीने तिथे स्वतः जाऊन विचारावं.

प्रशस्तिपत्रावर नाव, विभाग आणि ते एक नेमकं काम लिहा. एक प्रत कर्मचाऱ्याला, एक सेवापुस्तक किंवा ठेकेदाराकडच्या वैयक्तिक फाइलला, एक समितीच्या इतिवृत्ताला. फोटो लावायचा असेल तर आधी विचारा.

बक्षिसाची रक्कम आणि कर्मचाऱ्यांचा वाटा

२०१५ च्या मूळ सूचनांनुसार पहिल्या क्रमांकाच्या जिल्हा रुग्णालयाला ५० लाख रुपये, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांच्या गटात पहिल्याला १५ लाख आणि जिल्ह्यातल्या सर्वोत्तम प्राथमिक आरोग्य केंद्राला २ लाख. ७० टक्क्यांची पातळी गाठूनही क्रमांक न मिळालेल्यांना प्रोत्साहनपर रक्कम: जिल्हा रुग्णालयाला ३ लाख, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयाला १ लाख, प्राथमिक आरोग्य केंद्राला ५० हजार.

या रकमेपैकी ७५ टक्के संस्थेच्या सुधारणांसाठी आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना सांघिक प्रोत्साहन म्हणून. ५० लाखांत हा वाटा साडेबारा लाखांचा होतो. वाटपाचं सूत्र निकाल लागण्याआधीच ठरवा आणि ठराव करून इतिवृत्तात नोंदवा. पैसे आल्यावर सूत्र ठरवायला बसलं की सर्वांत कमी आवाज असलेल्यांचा वाटा आक्रसतो. ठरावात कंत्राटी सफाई कामगार, कक्षसेवक, धुलाई आणि आहार विभाग यांचा उल्लेख नावानिशी हवा. रक्कम ठेकेदारामार्फत न देता थेट बँक खात्यात जाईल असं लिहा आणि त्यासाठी खात्यांचा तपशील आधीच गोळा करून ठेवा. वर्षाच्या मध्यात ठेकेदार बदलला असेल तर आधीच्या ठेक्यावर ज्यांनी काम केलं त्यांचे महिनेही मोजा. हजेरीपटाची प्रत त्यासाठीच जपायची.

चालू वर्षाचं वेळापत्रक, वाढवलेले विषय आणि सुधारित रकमा राज्याच्या परिपत्रकात असतात. ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात मिळेल, प्राथमिक आरोग्य केंद्रांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. परिपत्रक हातात आलं की त्याची प्रत मावशींच्या विश्रांतीच्या खोलीतही लावा, आणि एकदा मोठ्याने वाचून दाखवा.